कशासाठी हवेत, आजी?

लमाई आजींनी पैशांचं कारण बदललं, तेव्हा बँकेच्या काउंटरपलीकडच्या कानिथाने हातातला शिक्का खाली ठेवला.

"आजी, मघाशी तर छपराचे पत्रे बदलायचे म्हणत होतात."

"ते आहेतच. पण आधी दात बसवायचेत."

"एवढ्या पैशांत मगरीलासुद्धा कवळी बसेल."

एरवी आजी खदखदून हसल्या असत्या. रबराच्या बागेत उभा जन्म घालवलेल्या आजी त्रांग गावातल्या या शाखेत दर महिन्याला यायच्या, कानिथाच्याच काउंटरवर थांबायच्या, आणि "अजून लग्न नाही ना केलंस? का बँकेशीच लावलंयस?" असं विचारून सगळ्या रांगेला हसवायच्या. आज त्यांचं लक्षच नव्हतं. मुठीत मोबाइल घट्ट धरलेला. खात्यातलं होतं नव्हतं ते सगळं रोख हवं होतं, आणि आत्ताच्या आत्ता.

मोबाइल वाजला. आजींनी पाठ वळवली.

"विचारतेय ती," त्या कुजबुजल्या. "नाही, कुणाला नाही सांगितलं. थांब तू."

कानिथाची नजर वर गेली. काचेवरच हेडऑफिसने पाठवलेला कागद चिकटवला होता: फोनवरचा माणूस 'कुणाला सांगू नका' म्हणत असेल, तर तो चोर आहे. मागच्या महिन्यात शेजारच्या काउंटरवरून एका निवृत्त मास्तरांनी अशीच सगळी शिल्लक काढून नेली. नातवाला अटक झाल्याचा फोन होता म्हणे. ते मास्तर अजूनही अधूनमधून येतात आणि सोफ्यावर नुसते बसून राहतात. त्यांच्याकडे कुणाला बघवत नाही.

"फोनवर कोण आहे, आजी?"

"मैत्रीण."

"मी बोलू तिच्याशी?"

आजींनी जरा घुटमळत फोन पुढे केला. "हॅलो, मी बँकेतून बोलतेय," कानिथा म्हणाली. पलीकडून एका तरुण बाईचा आवाज "त्या ठीक आहेत ना?" एवढंच म्हणाला आणि फोन कट झाला.

कानिथा उठून मॅनेजर प्रापाय मॅडमच्या केबिनमध्ये गेली.

"पैसे त्यांचे आहेत," मॅडम म्हणाल्या. "नाही म्हणायचा आपल्याला हक्क नाही."

"मग देऊन टाकू?"

"आणि उद्या त्याही येऊन सोफ्यावर बसल्या म्हणजे?" मॅडमनी चष्मा काढला. "काउंटरवर तू बसतेस. माणसं तू बघतेस. तुला काय वाटतं?"

कानिथाला काहीच ठरवता येईना. फसलेली माणसं हट्टाला पेटतात, बँकेलाच चोर म्हणतात. आजी भांडत नव्हत्या. घाबरलेल्या होत्या, हे तर आंधळ्यालाही दिसलं असतं. पण त्या फोनला घाबरत नव्हत्या. फोन वाजला की उलट त्यांचा चेहरा सैल पडत होता. हे गणित कुठल्याच प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं.

ती परत येऊन बसली. "आजी, खरं सांगा. कुणी धमकावलंय का तुम्हाला?"

आजींनी दाराकडे बघून घेतलं. काहीतरी ओठांपर्यंत आलं आणि मागे फिरलं. "पोरी, फार विचारतेस तू. दे ना गं."

"असं करू का, तुमच्या मुलाला एक फोन लावते."

काचेखालच्या फटीतून हात घालून आजींनी तिचं मनगट धरलं. "त्याला नको. पाया पडते तुझ्या, त्याला नको कळवू."

आणि कानिथाचं ठरलं. हे चोर पहिलं शिकवतात ते हेच. घरच्यांना कळू द्यायचं नाही.

"रोकड आतून आणायला लागेल," ती म्हणाली. "बसा तुम्ही." आणि आत जाऊन तिने खात्याला वारस म्हणून लावलेल्या मुलाचा नंबर फिरवला.

आजींचा मुलगा वुथिचाय लगेच आला. इस्त्रीचा शर्ट, मृदू बोलणं. मॅडमना हात जोडले, कानिथालाही जोडले. "तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून आमची म्हातारी माणसं वाचतात," तो म्हणाला. मग आईच्या खांद्याभोवती हात टाकला. "चल, आई. चुकतं माणसाचं."

त्याने अगदी हळुवारपणे आजींच्या मुठीतून मोबाइल सोडवून घेतला.

"कुणाचा फोन होता, कळलं का?" त्याने कानिथाला विचारलं.

"बाईचा आवाज होता. तरुण वाटत होती."

"असं होय." त्याने मोबाइल खिशात टाकला. "हा आता माझ्याकडेच राहू दे."

दारापाशी आजींनी वळून पाहिलं. कानिथाने हात हलवला. ओशाळल्या असतील बिचाऱ्या, तिला वाटलं. मॅडमनी तिची पाठ थोपटली. सगळ्यांसाठी बर्फ घातलेला चहा मागवला. हेडऑफिसला पाठवायला तिचा फोटोही काढला. फोटोत ती हसत होती.

बँक बंद व्हायच्या वेळी अर्ध्या ओढलेल्या शटरखालून एक तरुणी वाकून आत आली. खांद्याला मोठी बॅग.

"लमाई नावाच्या आजी आल्या होत्या का इथे? मी परगावी जाणाऱ्या व्हॅनच्या थांब्यावर त्यांची वाट बघत होते. आमची व्हॅन सुटून गेली. फोन लावला तर उचलून कुणी बोलतच नाही."

कानिथाने आवाज ओळखला. तिने वॉचमनला खूण केली, तो शटरपाशी आडवा उभा राहिला.

"आजी सुखरूप आहेत," ती एकेक शब्द तोलून म्हणाली. "त्यांचा एक पैसासुद्धा तुझ्या हाती लागायचा नाही. मुलगा येऊन घरी घेऊन गेलाय त्यांना. आता काय ते पोलिसांना सांग."

तरुणीने पळायचा प्रयत्न केला नाही. बॅग खांद्यावरून घसरली, तिने ती सावरली नाही.

"मी त्यांची सून," ती म्हणाली. "त्याच्या मारातून मला त्यांनीच बाहेर काढलं होतं. आज मी त्यांना त्याच्या तावडीतून सोडवायला आले होते."