पाण्याची हाक

हरिबा आबांच्या आवाजातल्या, मेंढ्यांना घालायच्या बावीस हाका जुन्या मोबाईलमधून काढून समृद्धीनं विद्यापीठाच्या डिजिटल संग्रहाला पाठवल्या. पण त्या अजून तात्पुरत्या फोल्डरमध्येच अडकल्या होत्या.

"हाका खऱ्या आहेत, अशी जाणकाराची साक्ष लागते," फोनवर संग्रहातल्या बाई म्हणाल्या. "पाचपर्यंत आली नाही, तर तो फोल्डर आपोआप रिकामा होतो."

"आत्ता कोण घावंल, मॅडम? आमी सोनारीच्या माळावर हाव!"

शेजारी बसलेल्या आबांनी तिला काठीनं ढोसलं आणि लांब चरणाऱ्या मेंढ्यांकडं बोट दाखवलं. समृद्धी उडालीच. तिनं लॅपटॉपला स्पीकर जोडला आणि पाण्यावर बोलवायची हाक मोठ्यानं लावली.

माळभर पांगलेल्या माना एकदम वर झाल्या. धुरळा उडवत, बें बें करत अख्खा कळप धावत सुटला.

"अहो, कसला गोंधळ हा?"

"साक्ष, मॅडम! लिवून घ्या, एकशे बारा जणींची!"

मेंढ्या मात्र स्पीकरपाशी थांबल्याच नाहीत. घशाच्या ऑपरेशनमध्ये दोन वर्षांपूर्वी आवाज गेलेल्या आबांना त्यांनी चहूबाजूंनी घेरलं.