फॉर्मवरचा भात

नव्या चुलीचा काठ पुन्हा फुटला होता. आणि फुटला होता तोही असा, की रघुपती साहेबांनी वाकून नुसतं बोट लावलं मात्र, आणखी एक तुकडा निखळून राखेत पडला.

सयाजी त्यांच्या मागे फॉर्मांची फाइल छातीशी धरून उभा होता. ही चूल म्हणे निम्म्या लाकडात सगळा स्वयंपाक उरकायची. बेंगळुरातल्या चामराजपेटेतल्या वीस घरांत ती बसवली होती. पण बसवण्याआधी घरच्या बायकांना विचारायचं, त्या काय रांधतात, कशा बसतात, त्यांना काय हवं, आणि मगच चुलीचा घाट ठरवायचा, हा रघुपती साहेबांचा हट्ट. त्यांच्या वरच्यांना ते खूळ वाटायचं. विचारायचं काम सयाजीकडे आलं, कारण तो याच पेठेतला आणि मराठी घरांतून मराठीत बोलणारा.

"विसांतल्या चौदा फुटल्या," साहेब कन्नडमध्ये म्हणाले. "बाई, तुम्ही हिच्यावर करता तरी काय?"

"रागीचं मुद्दे. दुसरं काय?" रत्नाबाईही कन्नडमध्येच म्हणाल्या. पन्नाशीची, भक्कम दंडाची बाई. मुद्दे म्हणजे नाचणीच्या पिठाचा शिजवून घोटलेला गोळा. "पीठ शिजलं की भांडं चुलीवरच दाबून धरायचं अन् दांडक्यानं घोटायचं. सगळं अंग घालावं लागतं तेव्हा कुठे गोळा वळतो. हा काठ पापडाएवढा. टिकणार कसा?"

"मग खाली उतरवून घोटा."

"गार झालं की गुठळ्या राहतात साहेब. गुठळ्यांचं मुद्दे कोण गिळेल?"

साहेबांनी मागे न बघताच हात पुढे केला. सयाजीनं फॉर्म दिला.

"रत्नाबाई. तिसरी गल्ली," साहेब वाचू लागले. "रोजचं अन्न, भात. भांडं, पितळी पातेलं. सूचना, काही नाही." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "भात सांगितलात म्हणून काठ पातळ ठेवला आम्ही. माती तापवण्यात लाकूड वाया जाऊ नये म्हणून. आणि आता म्हणता रागी?"

चार महिन्यांपूर्वी जुन्या चुलीपुढे बसून बाईंनी सयाजीला तासभर सगळं सांगितलं होतं. त्यानं नीट ऐकलंही होतं. पण लिहायला बसला आणि हात अडला. ऑफिसातले सगळे भात खाणारे. तिथे तोही डब्यात भातच न्यायचा. आपल्या घरी दोन्ही वेळेला रागी असते हे त्यानं सहा वर्षांत कुणाला कळू दिलं नव्हतं. आणि आता आपल्या माणसांच्या घराघरांतली रागी स्वतःच्या हातानं लिहून साहेबांच्या टेबलावर ठेवायची? त्यानं चौदा घरांपुढे भात लिहिला. एवढीशी लाज, पण चौदा चुली फोडून मोकळी झाली.

रत्नाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांना कळलं होतं. सयाजीनं मान खाली घातली. आता बाई बोलणार, आणि बोलल्या तर त्यात त्यांचं काय चुकलं?

"हो, मीच सांगितलं," रत्नाबाई म्हणाल्या. "मोठ्या ऑफिसातून माणूस विचारायला आला की भातच सांगतो आम्ही. चुकलं साहेब."

सयाजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"म्हणजे वरचे म्हणतात तेच खरं," साहेब स्टुलावर बसले आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं. त्यांचा आवाज पार पडला होता. "बायकांना विचारण्यात अर्थ नाही. पुढच्या चुली आपणच ऑफिसात बसून ठरवू. लिहून टाकतो तसं."

रत्नाबाईंनी ताट घेतलं. कोपऱ्यातल्या जुन्या, धुरकट चुलीवरचं भांडं उघडलं आणि मराठीत म्हणाल्या, "सयाजी, बस. साहेब काही आमच्याकडे जेवायचे नाहीत, तू तरी दोन घास खा. चेहरा बघ कसा झालाय. फक्त एवढंच, की घरात भात नाहीये."

त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

'जेवून आलोय' हे शब्द त्याच्या ओठांवर आले होते. ते त्यानं आतच ठेवले, फाइल खाली टाकली आणि ताटावर बसला. गरम काळसर गोळ्याचा लचका तोडला, बोटांत वळला, सारूच्या पातळ आमटीत बुडवला आणि तोंडात टाकून सरळ गिळला. मग दुसरा.

साहेबांचं पेन थांबलं. जन्म बेंगळुरात गेलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. नवखा माणूस मुद्दे चावत बसतो. न चावता गिळतो तो त्यावरच वाढलेला असतो.

"फॉर्मवरचं अक्षर तुझं," साहेब हळूच म्हणाले.

"हो."

"आणि भात?"

"तोही माझाच. बाईंनी रागीच सांगितली होती. चौदाही घरांनी तेच सांगितलं होतं." रत्नाबाईंनी त्याच्या ताटात पळीभर सारू ओतलं.

साहेबांनी लिहिलेली ओळ खोडली आणि फॉर्म पालथा घातला.

"बाई, काठ किती जाड हवा?"

"यालाच विचारा की," रत्नाबाई म्हणाल्या. "याच्या आईची चूल काही फुटत नाही."

सयाजीनं उजव्या हाताची चार बोटं आडवी धरली. साहेबांनी खिशातून पट्टी काढली, आणि त्या खरकट्या बोटांना लावली.