नळाचं कार्ड

दातांचा ब्रश. निळा कप. वाहता नळ. शाळेची बस.

स्वमग्न लेकीची सकाळ भिंतीवरच्या या चार चित्रकार्डांवर चालते. क्रम मोडला की ती भिंतीवर डोकं आपटते, आणि धरायला घरात आईशिवाय कुणी नाही. तीन कार्डं आईनं काढलीत, नळाचं लेकीनं.

आज कपातलं दूध संपताच आई दप्तर घेऊन दाराशी गेली. "चला राणीसरकार, बस येईल."

लेक हलेना. "नळ."

"आज नको गं, सोन्या."

"नळ. आई रडते. मग बस." तिचं कपाळ भिंतीकडे झुकलं.

आईनं बाथरूमची कडी लावली, नळ सोडला आणि सुरुवातीला नुसताच रडण्याचा आवाज काढला.



आज सकाळी आई उठली होती तेव्हा, उदासीवरच्या नव्या गोळ्यांनी, तिला कितीतरी महिन्यांनी बरं वाटत होतं.