ह्वीला जुळणारे शब्द

"नॉट ह्यू, पप्पा. से वी. नाऊ पुट ह इन फ्रंट," शर्वरी म्हणाली.

"ह्वी," विजयकुमार म्हणाला.

"गुड. अगेन."

चौथीतल्या पोरीने बापाची शिकवणी घ्यावी, याचं एरवी त्याला हसू आलं असतं. आता तो सांगितलं तेवढं करत होता.

नाव व्हिएतनामी. लिहायचं एच-यू-वाय, म्हणायचं ह्वी. रिफायनरीत त्याचं ह्यू, हुय, वाटेल ते व्हायचं. विजयकुमारचा धाकटा भाऊ जयदीप तिथे फिटर, हा ह्वी वेल्डर. आखातातल्या या अब्बासिया वस्तीत, समोरच्याच फ्लॅटमध्ये दोघांची एक खोली. जयदीपनेच पुतणीला यमकं पढवली होती: वी, की, थ्री, फ्री. आवाज चढवायचा नाही, उतरवायचा नाही, सपाट ठेवायचा.

दोघांचे कव्हरऑल विजयकुमारची बायको शर्मिला धुवायची. अंगलट एक, रंग एक. सकाळी कंपनीची बस हॉर्न वाजवायला लागली की हाताला येईल तो चढवून दोघे जिना उतरायचे. शर्मिला कितीदा ओरडली असेल, पण ऐकतो कोण?

मग रिफायनरी दुरुस्तीसाठी बंद असताना, शटडाउनच्या कामात टाकीत आग लागली. आत दोघेच होते. एक गेला, एक राहिला.

नाशिकला पेटी घेऊन विजयकुमारच गेला. उघडू नका, बघवणार नाही, असं कंपनीने बजावलं होतं. त्याने अग्नी दिला, गोदावरीत अस्थी सोडल्या आणि परत येऊन कामावर रुजू झाला. डोळ्यांतून टिपूस नाही. शर्मिला म्हणाली, "अहो, एकदा रडून तरी घ्या." त्याने मान हलवली आणि ताटातला भात संपवला.

त्याला एकच गोष्ट हवी होती. जयदीप लहानपणी रस्ता ओलांडताना दादाचा हात धरत नसे. "चल जया," म्हटलं की फक्त करंगळी धरायचा, तीही घट्ट. त्या टाकीत त्याने कोणाला हाक मारली, काय म्हणाला? हे सांगू शकेल असा माणूस जगात एकच उरला होता, आणि तो शुद्धीवर येत नव्हता.

म्हणून तो रोज संध्याकाळी इस्पितळात जायचा. पलंगावर सगळं बँडेज, तोंडात नळी. पायथ्याशी पाटी. कपड्यावर शिवलेलं तेच नाव तिच्यावर उतरवलं होतं, एच-यू-वाय. पहिल्या दिवशी त्याने "ह्यू" अशी हाक मारली, तेव्हा केरळची सिस्टर हिंदीत म्हणाली होती, "नाम ठीक से बोलो. अपने नाम पर आदमी जागता है." तिकडे व्हिएतनाममधून ह्वीची म्हातारी आई दिवसाआड कंपनीत फोन करून विचारायची, पोरगा उठला का? विजयकुमारला त्या बाईचा हेवा वाटायचा. तिला विचारायला पोरगा तरी होता.

त्या दिवशीही तो स्टूल ओढून बसला. मनातल्या मनात वी, की, थ्री घोकलं. मग कानाशी वाकून म्हणाला, "ह्वी."

काही नाही.

"ह्वी." आज उच्चार अगदी बरोबर जमला होता, शर्वरीने पैकीच्या पैकी दिले असते. पुन्हा म्हणाला. पडद्यावरची रेघ होती तशीच सरकत राहिली. त्याला कंटाळाही आला नाही, वाईटही वाटलं नाही. बसून राहिला.

भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली. टेकू म्हणून गादीच्या काठावर हात ठेवत तो उठू लागला.

"चल जया," तोंडातून निघून गेलं. आयुष्यभराची सवय. परक्याच्या उशाशी हे काय बोललो म्हणून तो ओशाळला आणि हात काढून घ्यायला गेला.

हात निघेना. बँडेजबाहेर राहिलेल्या बोटांनी त्याची करंगळी धरली होती, घट्ट.