लंबूला कळवायचं राहिलं

तंबूची शेवटची खुंटी ठोकताना हातोडी सुताराच्या अंगठ्यावर बसली. त्याने अंगठ्याकडे नुसतं पाहिलं, रक्त पँटला पुसलं आणि खुंटी पुरी ठोकली. त्यांची मैत्रीण नर्स होती, तरी ती उठली नाही. सकाळपासून ती आणि तिसरा मित्र, मास्तर, त्याच्याशी दबक्या आवाजात बोलत होते. आजाऱ्याच्या खोलीत बोलतात तसं.

माळाच्या दुसऱ्या टोकाला, फळ्यांच्या स्टेजवर कुणीतरी व्हायोलिन जुळवत होतं. या छोट्याशा संगीत महोत्सवाला हे जुने मित्र दर वर्षी यायचे. चौथा, लंबू, तीन वर्षं मालवाहू जहाजावर होता. तो आज थेट बंदरावरून आला आणि लांबूनच ओरडला, "अरे सुतारा! आहेस का लेका अजून?"

मास्तरच्या कपातला चहा हिंदकळला.

लंबूने सुताराला कडकडून मिठी मारली. मग पिशवीत हात खुपसून एक लाकडी बासरी काढली. "ही आपल्या चिमणीला. मी गेलो तेव्हा चारची होती. आता सातची ना?"

सुताराची लेक चिमणी वारली, त्याला चार महिने झाले होते. नर्सला वाटलं होतं मास्तरने लंबूला कळवलं असेल, मास्तरला वाटलं होतं नर्सने. आता दोघं एकमेकांकडे बघत राहिले.

"लंबू, जरा इकडे ये बघू," नर्स म्हणाली.

"आठवं लागलं," सुतार म्हणाला. "गेल्याच महिन्यात."

"दात पडले की नाही?"

"पुढचे दोन. शिट्टी येत नाही म्हणून चिडते."

"मग बासरी कसली वाजवतेय!"

"वाजवेल की. हट्टी आहे."

सुतार बोलत राहिला. ती भुशात लोळते, त्याची पेन्सिल पळवते, स्वतःच्या कानावर अडकवून फिरते. फळीची मापं सांगावीत तसा त्याचा आवाज सपाट होता. लंबू मात्र पोट धरून हसत होता. नर्स पाठ वळवून कधीची एकच कप विसळत होती.

लंबू तोंड धुवायला नळावर गेला, तसा मास्तर सुताराजवळ सरकला. "मी सांगतो त्याला. तू काही बोलू नकोस."

सुताराने बासरीच्या भोकांवरून बोट फिरवलं. एका भोकाची कड खरखरीत होती.

"उद्या सांग," तो म्हणाला.

"अरे पण..."

"घरी तिचं नाव कुणी काढत नाही रे."

लंबू ओल्या तोंडानेच परतला. सुताराने सतरंजीवर सरकून त्याला जागा करून दिली.

"बस," तो म्हणाला. "आणखी विचार ना काहीतरी."