चौथी निष्पत्ती

चौथ्या चौकटीत काय भरायचं हे तर्कशास्त्राच्या सरांना तीन दिवस सुचत नव्हतं, आणि समन्वयक टेप घेऊन त्यांच्या खोलीची लांबी मोजत होता.

"तुमचं चालू द्या," तो म्हणाला. "सहज आलो होतो. ऐसपैस आहे हो खोली."

"विद्यार्थी सहाच आहेत. म्हणून तसं वाटतं."

मोजणं हेच समन्वयकाचं काम होतं. कला शाखेतल्या प्रत्येक विषयानं विद्यार्थ्याला नेमकं काय दिलं, ते तक्त्याच्या चौकटींत टक्क्यांनी मांडून घ्यायचं. याला अध्ययन निष्पत्ती म्हणत. समन्वयक मात्र 'निष्पक्ती' म्हणे, आणि लिहीही तसंच. असं लिहिणारा अख्ख्या विद्यापीठात तो एकटाच. पण सगळ्यांचे तक्ते त्याच्याच हाताखालून जात, त्यामुळे कोणी काही बोलत नसे. सरांनी एकदा बोलून पाहिलं होतं.

"निष्पत्ती. त ला त."

"तेच म्हणतोय मी. निष्पक्ती."

ही लागण पसरू नये म्हणून सरांनी वर्गातल्या सहाही जणांकडून तो शब्द फळ्यावर दहा दहा वेळा लिहून घेतला. तेवढं मात्र शंभर टक्के साध्य झालं. तक्त्यात त्यासाठी रकाना नव्हता.

चौथी निष्पत्ती अशी होती : 'विद्यार्थी दबावाला न जुमानता स्वतःच्या बुद्धीने मत मांडतो.' निदान साठ टक्के हवेत, नाहीतर विषय बंद. सर तो बावीस वर्षं शिकवत होते.

त्यांनी खरोखरच मोजायचं ठरवलं. एकेकाला बोलावून विचारलं, "मी जे शिकवतो, त्यात तुला काय चुकीचं वाटतं?"

पहिला म्हणाला, काहीच नाही. दुसऱ्यानं हे परीक्षेला आहे का ते विचारलं. तिसरा म्हणाला, दुसऱ्यानं जे सांगितलं तेच माझं. चौथ्या-पाचव्यानं एकत्र येऊ का म्हणून विचारलं, आणि एकत्र येऊन गप्प बसले.

शेवटी चष्मेवाली आली. वर्गातली सगळ्यांत हुशार. अक्षर असं की छापल्यासारखं. बाकीचे पाच जण तिच्याच वह्यांवर पास होत.

"तुला तरी काही वाटत असेल," सर म्हणाले.

"तुम्ही सांगाल ते लिहिते, सर."

"मी काही सांगणार नाहीये."

ती वही उघडून थांबली. बराच वेळ थांबली. मग तिनं तारीख लिहिली.

सरांनी समन्वयकाला निकाल सांगितला, तेव्हा तो खुर्ची ओढून जवळ बसला.

"शून्य? अहो सर, शून्य काय लिहिताय? सत्तर लिहा. विचारतंय कोण?"

"खोटं होईल ते."

"इतिहासवाल्यांनी एक्याण्णव टक्के लिहिलेत. दोन मुलं आहेत त्यांच्याकडे." तो आवाज खाली आणून म्हणाला, "तुमच्या भल्यासाठी सांगतोय. मी आहे ना."

घरी बायकोनं सगळं ऐकून घेतलं. "बावीस वर्षं खरं लिहिलंत, त्यातून काय निघालं?" ती म्हणाली. "सत्तर लिहा आणि जेवायला या. निवतंय."

सरांनी सत्तर लिहिलं. सहांचे सत्तर टक्के म्हणजे चार पूर्णांक दोन दशांश विद्यार्थी. हे दोन दशांश कोण, असा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला नाही. जेवण मात्र त्यांना गेलं नाही.

आठ दिवसांनी कुलसचिव बाईंनी बोलावलं.

"तुमच्या विद्यार्थ्यांची तक्रार आलीये. सहाही जणांच्या सह्या आहेत. तुम्ही तक्त्यात खोटा आकडा भरला म्हणतात."

"खरं आहे."

बाईंनी चष्मा काढला. "सर, तुम्ही नाही म्हणाला असतात तर चौकशी समिती नेमता आली असती. दोन वर्षं निघाली असती. आता मी काय करू?"

त्यांनी चष्मा परत लावला.

"विषय बंद करावा लागेल. तुम्हाला ग्रंथालयात कुठेतरी बसवू. आणि खोली सोमवारपर्यंत रिकामी करा. समन्वयकांना त्यांच्या कक्षासाठी हवीये."

"तक्रार वाचायला मिळेल का?"

बाईंनी कागद पुढे सरकवला. अक्षर चष्मेवालीचं होतं. मुद्दा, पुरावा, निष्कर्ष. आकडाही अचूक दिलेला. कुठे आर्जव नाही, आदरणीय-बिदरणीय नाही. खाली सहा सह्या, एकीपेक्षा एक ठसठशीत. सरांना वाचता वाचता दिसेनासं झालं. ज्यांना त्यांच्यासमोर तोंड उघडता येत नव्हतं, त्यांनी थेट त्यांच्याविरुद्ध लेखणी उचलली होती.

"बाई, तक्ता परत उघडता येईल?"

"कशाला आता?"

"चौथ्या चौकटीत दुरुस्ती आहे. शंभर टक्के. हा पुरावा सोबत जोडा."

"मुदत संपली, सर," बाई म्हणाल्या. त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं. "पाहिजे तर एक प्रत ठेवा तुमच्याकडे."

सर प्रत घेऊन आपल्या खोलीत आले. पुस्तकांची खोकी भरायची होती, पण त्यांनी आधी खुर्चीत बसून ती पुन्हा वाचायला घेतली. या वेळी सावकाश, चवीनं. बावीस वर्षांच्या सवयीनं हातात लाल पेन आलंच होतं.

तिसऱ्या ओळीत एक खाडाखोड होती. तिथे आधी 'निष्पत्ती' असं बरोबर लिहिलेलं होतं. मग त्यावर आडवी रेघ मारून, वर त्याच छापल्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं, 'निष्पक्ती'.