दोन बॅगा, एक तिकीट

पट्ट्यावरून आधी साबेराची बॅग आली, मागोमाग रमजानची. दोन्ही त्यानं उतरवून घेतल्या. जेद्दाहून निघताना त्याला वाटलं होतं, एकदा सामान दिलं की ते थेट मुंबईलाच मिळेल. पण इथून पुढचं विमान दुसऱ्या कंपनीचं. पहिलीनं या परक्या विमानतळावर आणून सोडलं आणि हात झटकले. आता सामान घ्या, बाहेर पडा, वरच्या मजल्यावर जाऊन दुसरीच्या काउंटरवर पुन्हा द्या.

उमऱ्याला, म्हणजे मक्केच्या यात्रेला, इस्लामपूर-कराडची माणसं एकत्र गेली होती. परतीच्या बॅगा रमजानच्या बायकोनं, साबेरानं भरून ठेवल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती मक्केतच वारली. तिथल्याच मातीत तिला ठेवलं. कागदपत्रांसाठी रमजान मागं राहिला, बाकीचे ठरल्या दिवशी परतले. मग एजंटानं मिळेल ते तिकीट काढून दिलं, ते हे असं दोन कंपन्यांचं.

जो तो म्हणे, बाईनं नशीब काढलं, त्या मातीत जागा मिळायला भाग्य लागतं. रमजानलाही ते पटायचं. पटायचं, पण जेवायला बसला की घास तोंडात नुसता फिरत राहायचा. रडावं तर दैवाला नावं ठेवल्यासारखं झालं असतं, म्हणून तो रडलाही नव्हता.

काउंटरवरच्या मुलीनं हिंदीत विचारलं, दुसरे प्रवासी कुठं आहेत? रमजाननं आपलं एकच तिकीट पुढं केलं. तिनं तिकीट पाहिलं आणि समजुतीनं सांगितलं की आमच्याकडे एका माणसाला एकच बॅग. दुसरीचे पैसे भरले तर तीही जाईल, पण कार्डानं. घोडं पेंड खात होतं ते इथं. कार्ड होतं इस्लामपुरात, पोराकडे.

रांगेतून बाजूला होऊन त्यानं तारिकला फोन लावला. बाप एकटाच अडकलाय म्हटल्यावर पोराचा आवाज उतरला. कार्डाचा नंबर सांगितला तर चालेल का, असं त्यानं विचारून घ्यायला लावलं. चालणार नव्हतं. मग तो म्हणाला, "अब्बा, अम्मीचे कपडे हितं आणून तरी काय करायचं? वाटायचेच हायत न्हवं? तितंच कुणा गरिबाला द्या आन् एकच बॅग घिऊन या तुमी."

पोरगं चुकीचं बोलत नव्हतं. गेलेल्या माणसाचे कपडे घरात धरून बसू नये, गरजवंताला द्यावेत, हे रमजाननंच गल्लीत चार जणांना सांगितलेलं. दुसऱ्याला सांगताना माणूस मोठा शहाणा असतो. "बरं," म्हणून त्यानं फोन ठेवला.

एका खांबाच्या आडोशाला त्यानं दोन्ही बॅगा आडव्या टाकल्या आणि साबेराच्या बॅगेची चेन ओढली. वरच त्याचे कुडते निघाले. त्याच्या बॅगेत बघतो तर तिचे ड्रेस. मग त्याला आठवलं. निघण्याआधी एजंटानं सगळ्यांना बसवून सांगितलं होतं की नवरा-बायकोनं निम्मे कपडे एकमेकांच्या बॅगेत टाकावेत. एखादी बॅग हरवलीच, तर दुसरीवर भागतं. बाकी कुणी ते मनावर घेतलं नव्हतं. साबेरानं घेतलं होतं, आणि इतकं घेतलं होतं की रमजानच्या मोज्यांचा जोडही फोडला होता. एक मोजा या बॅगेत, एक त्या बॅगेत.

रमजानला हसू फुटलं. आता हिला चिडवायचं म्हणून त्यानं मान वळवली. शेजारी कुणीच नव्हतं. मग मात्र त्याला आवरेना. येणारे-जाणारे बघत होते आणि तो उघड्या बॅगांमध्ये बसून रडत होता.

पुष्कळ वेळानं त्यानं तोंड पुसलं आणि कामाला लागला. स्टँडमागच्या आपल्या शिलाईच्या दुकानात साबेराचा एकूणएक ड्रेस त्यानंच बेतलेला, शिवलेला. हातशिलाई आणि काजं-बटणं तिची. ते सगळे ड्रेस त्यानं एकीकडे घेतले. गल्लीतल्या बायकांसाठी तिनं घेतलेल्या तसबीच्या जपमाळा, शेजारच्या रंगूबाईसाठी बांधलेला खजूर, तिची ओढणी, तिची तेलाची बाटली, सगळं एका बॅगेत गेलं. बॅग गच्च भरली. त्याचं स्वतःचं जे होतं ते दुसऱ्या बॅगेत राहिलं.

फरशी पुसणारा एक माणूस मघापासून त्याच्याकडे बघत होता. रमजाननं त्याला जवळ बोलावलं, त्याचे खांदे नजरेनं मापले आणि ती बॅग त्याच्यापुढे सरकवली. "तुला बसतील," असं त्यानं खुणेनंच सांगितलं. त्या माणसानं आधी इकडंतिकडं पाहिलं, मग हात कपाळाशी नेऊन सलाम केला.

काउंटरवर तीच मुलगी होती. आता एकच बॅग बघून तिला हायसं वाटलेलं दिसलं. तिनं बॅग काट्यावर ठेवायला सांगितली, त्याच्या नावाची चिठ्ठी हँडलला चिकटवली आणि सगळ्यांना विचारतात तसं विचारलं, "यात दुसऱ्या कुणाचं सामान नाही ना?"

रमजाननं चिठ्ठीवरचं आपलं नाव पाहिलं. नुकताच उमरा करून आलेला माणूस, खोटं कसं बोलणार? मुलीनं स्क्रीनवरून मान वर केली आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला.

"न्हाई," तो म्हणाला. "समदं माजंच हाय."